नाही कसं म्हणायचं?

दवाखान्यात भेटीच्या वेळी माझ्याकडे कोणी येत नाही, म्हणून मी इतरांची माणसं बघत पडून राहतो. काल शेजारच्या खाटेवरच्या अण्णांनी जवळून जाणाऱ्या एका अनोळखी बाईचा हात धरला.

"सुमे, आलीस?"

ती थबकली. मग खाटेच्या कडेवर बसत म्हणाली, "हो, आले."

खोटं बोलू नये, याला अपवाद नाही, असं मी कॉलेजात जन्मभर नीतिशास्त्र शिकवलं. पण तिचं चुकलं असं म्हणवेना.

ती गेल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "माझ्या लेकीला, सुमीला, जाऊन कैक वर्षं झाली. आवाज ऐकला तेव्हाच कळलं, ही दुसरीच कुणी. पण इतक्या मायेनं बसली, तिला नाही कसं म्हणायचं?"

नीतीचा पाया बुद्धीत असतो, असं मी सांगत आलो. अण्णा भिंतीकडे वळून झोपले. तो पाया नक्की कुठे असतो, हे बोलायला माझ्याजवळ कोणी नव्हतं.