पाणथळीवरचा डावा पाय

पक्षी बघणाऱ्या माणसांकडे दोन गोष्टी साठत जातात. एक म्हणजे फोटो. एकाच राखी बगळ्याचे, एकाच बाजूने काढलेले, शेकड्याने. आणि दुसरे किस्से. फोटो कोणी परत उघडून बघत नाही. किस्से मात्र परतीच्या वाटेवर निफाडच्या टपरीवर दर रविवारी नव्याने सांगितले जातात, आणि दर वेळी त्यातली माझी किंचाळी जरा मोठी होते. म्हणून म्हटलं, आता मीच सांगते.

आमचा ग्रुप छोटासा. निकमसर म्हणजे प्राणिशास्त्राचे रिटायर्ड प्राध्यापक, ते आमचे हेडमास्तर. योगेशचा पंचवटीत भाजीचा गाळा आहे. आवाज लिलावाचा आणि कॅमेऱ्याची लेन्स दुधी भोपळ्याएवढी. रुबीनाचं जुन्या नाशकात मेडिकल स्टोअर आहे. मग माझा नवरा श्रीकांत. आणि मी.

बाकीचे नांदूरमधमेश्वरच्या पाणथळीवर पक्षी बघायला जातात. मी श्रीकांतकडे बघायला जाते.

* * *

श्रीकांत एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होता. जन्मभर काटे आणि दिवे बघितले, कधी घाबरला नाही. रिटायर झाला आणि पहिल्याच दिवाळीच्या आधी हार्ट अटॅक. अँजिओप्लास्टी झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "जड उचलायचं नाही. पळायचं तर अजिबात नाही. एखादा शांत छंद लावून घ्या."

योगेश म्हणाला, "काका, आमच्याबरोबर नांदूरला चला. तिथं नुसतं बसायचं असतं."

मला वाटलं, बाक असेल. सावली असेल. मी थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा घेतला, जिभेखाली ठेवायच्या गोळ्या पदराला बांधायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या आणि निघाले. माघ सरत आला होता. पाण्यावर पट्टकादंब उतरलेले होते. हिमालय ओलांडून येणारी मोठी पाखरं ती. सगळे दुर्बिणी लावून गप्प बसले होते. पाणथळीवर बोलायचं नाही, हा निकमसरांचा पहिला नियम.

श्रीकांतला मात्र पक्ष्यांचं काही वाटेना. त्याची नजर काठावरच्या चतुरांवर गेली. लहानपणी आपण ज्याला हेलिकॉप्टर म्हणायचो, तोच हा किडा. चतुराचा चांगला फोटो काढायचा तर त्याच्या डोळ्यांच्या पातळीला जावं लागतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चतुर बसतो वीतभर उंचीच्या गवताच्या काडीवर. म्हणजे माणसाला चिखलात पालथं पडावं लागतं आणि श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो.

मी चहा ओतून मागे वळले. श्रीकांत पालथा पडलेला होता. हलत नव्हता.

मी किंचाळले. अख्खी पाणथळ उठली. आभाळ काळं झालं.

पाखरं दिसेनाशी झाल्यावर निकमसर माझ्याजवळ आले आणि अतिशय हळू म्हणाले, "ताई, तुमचे मिस्टर इथेच आहेत. पट्टकादंब गेले."

* * *

त्यानंतर मी किंचाळायचं बंद केलं, पण भीती काही जाईना. तुम्हीच सांगा, ज्याच्या हृदयात जाळी बसवली आहे तो माणूस तासभर उन्हात पालथा पडून राहिला, तर बायकोने करायचं काय? हाक मारली तर चतुर उडतो. जवळ गेलं तर सावली पडते आणि चतुर उडतो. आणि खरंच काही झालं तर? अँब्युलन्स रस्त्यापर्यंत येईल. तिथून बांध, बांधाखाली चिखल. त्याला उचलून आणायचं कोणी? रात्री अंथरुणात मी तो रस्ता मनातल्या मनात चालत असे.

आणि मी एकटीच घाबरत होते असं नाही.

एकदा चापडगावच्या बाजूला होतो. कांद्याच्या फुललेल्या डोंगळ्यांवर मधमाश्या घोंघावत होत्या, उग्र वास सुटला होता. एक शेतकरी मोटरसायकल लावून धावत माझ्याकडे आला.

"ओ ताई, तिकडं बांधाखाली एक माणूस पडेल हाय. लय येळ झाला. पोलीसपाटलाला फोन लावू का?"

"नको हो, माझे मिस्टर आहेत ते. फोटो काढतायत."

त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं. खात्री करून घ्यायला तो स्वतः खाली उतरला, श्रीकांतपाशी उकिडवा बसला, वाकून बघितलं. श्रीकांतने तोंडावर बोट ठेवून "शू" केलं असावं. तो माणूस तितक्याच हलक्या पावलांनी परत वर आला.

"जिता हाय," मला म्हणाला. "पर बोलू बी देत नाय आन् हलत बी नाय."

"घरी पण तसंच आहे," मी म्हटलं.

* * *

तोडगा काढला रुबीनाने. मेडिकल चालवणाऱ्या बाईला घाबरलेल्या बायकांची सवय असते.

"भाईजान, तुम्ही असं करा. थोड्या थोड्या वेळाने डावा पाय वर करायचा. गुडघ्यापासून. चतुर पुढे, पाय मागे. त्याला काय कळतंय? इथून ताईंना दिसेल."

श्रीकांतने लगेच मान्य केलं, पण अट घातली. "मी पाय वर केला की हिनेही हात वर करायचा. नाहीतर मला कसं कळणार, हिने बघितलं की नाही? मी काय पाय वर करून पडून राहू?"

आयुष्यभर कंट्रोल रूममध्ये काम केलेला माणूस. इकडून सिग्नल दिला की तिकडून सिग्नल यायलाच हवा.

मग तसं ठरलं. बांधावर एक बाभूळ आहे, तिच्याखाली माझी घडीची खुर्ची. डोळ्याला योगेशची जुनी दुर्बीण. तिकडे डावा पाय वर, इकडे माझा उजवा हात वर. मुंबईहून आलेल्या एका फोटोग्राफरने दबकत येऊन मला विचारलं, "मॅडम, एवढा वेळ काय बघताय? काही रेअर आहे का?"

मी दुर्बीण न काढता म्हटलं, "बूट."

* * *

आता निकमसरांच्या दुसऱ्या नियमाबद्दल सांगायला हवं. किड्यांचे फोटो काढणारे काही लोक लबाडी करतात. किडा हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवून गारठवतात, नाहीतर मेलेलाच काडीला चिकटवून फोटो काढतात. सरांना त्याची भयंकर चीड. म्हणून आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला की खाली तीन गोष्टी लिहायच्याच. नाव, ठिकाण, आणि जिवंत की मेलेला. एक जरी राहिली तरी सर ती विचारणार, एका शब्दात. शब्दापुढे प्रश्नचिन्हसुद्धा नाही, पूर्णविराम.

योगेशला मुलगी झाली. आनंदाच्या भरात त्याने पहाटे पहाटे बाळाचा फोटो आमच्या ग्रुपवर टाकून दिला. आम्ही सगळ्यांनी फुलं, हृदयं पाठवली. सरांचा मेसेज आला, "नाव. ठिकाण."

योगेशनेही लिहिलं, "नाव अजून ठरायचंय सर. ठिकाण पंचवटी. जिवंत, आणि सारखी रडतीये."

सरांचं उत्तर आलं, "माहिती परिपूर्ण. पण माणसांचे फोटो या ग्रुपवर टाकू नयेत. त्यासाठी लग्नकार्यं आहेत."

सरांनी स्वतः कधी माणसाचा फोटो काढला नव्हता. निरोप समारंभाच्या ग्रुप फोटोतसुद्धा म्हणे ते खिडकीतल्या गांधीलमाशीकडे बघतायत.

* * *

मार्चमध्ये मुलगा पुण्याहून आला आणि बाबांना एक घड्याळ देऊन गेला. हृदयाचे ठोके वाढले की ते माझ्या मोबाइलवर अलार्म देणार. मला वाटलं, सुटले. आता मलाही चार पाखरं बघता येतील.

पुढच्याच रविवारी मोबाइल केकाटायला लागला. आकडा लाल झालेला. पर्समध्ये गोळी सापडेना. "रुबीना, ठोके वाढलेत याचे!" मी ओरडले.

सगळे पळाले. योगेश सगळ्यात पुढे. मला भरून आलं, कशी माया लावतात ही माणसं! मी धापा टाकत पोचले तेव्हा श्रीकांत पालथाच होता, त्याच्या एका बाजूला योगेश पालथा, दुसऱ्या बाजूला निकमसर पालथे, आणि तिघांचेही कॅमेरे एकाच काडीवर.

"ठोके वाढले म्हणजे काहीतरी भारी दिसलं असणार," योगेश कुजबुजला. "चांगलं घड्याळ आहे, काकू."

त्यानंतर दर वेळी तसंच. अलार्म झाला की माझ्या आधी कॅमेरे पोचायचे. शेवटी मी हातात गोळी घेऊन त्यांच्या मागे उभी, असा कार्यक्रम ठरूनच गेला. आणि एके दिवशी श्रीकांतने घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

"ते थरथरतं आणि चतुर उडतो," तो म्हणाला. "पाय आहे ना."

मी भांडले. रडलेसुद्धा. गाडीत निफाडपर्यंत तोंड फिरवून बसले. त्याने एकदाच विचारलं, "तुला काय वाटतं, मी घरी सोफ्यावर पडून राहिलो तर जास्त जगेन?" मी घड्याळ पर्समध्ये गोळ्यांशेजारी ठेवून दिलं.

* * *

आणि मग चैत्रातला तो रविवार.

परदेशी पाखरं बहुतेक निघून गेली होती. पाणी मागे सरकलं होतं आणि ऊन सकाळीच चटकायला लागलं होतं. या मोसमातली ही शेवटची खेप, असं मी घरून निघतानाच बजावलं होतं. श्रीकांत नेहमीपेक्षा लांब, पार पाण्याच्या कडेला जाऊन पडला होता. मी बाभळीखाली. पाय वर, हात वर. पाय वर, हात वर. चाललं होतं.

मी दुर्बीण मांडीवर ठेवली, घाम पुसायला. तर माझ्या उजव्या हाताच्या बोटावर एक चतुर येऊन बसला.

लालभडक. इतक्या जवळून मी कधी बघितलाच नव्हता, नवऱ्याचे एवढे फोटो असून. त्याच्या तोंडात एक चिलट होतं आणि तो ते चावून चावून खात होता. त्याचा जबडा हलताना दिसत होता. डोकं असं वाकडं करून माझ्याकडे बघायचा, परत खायला लागायचा. पायांची बारीकशी पकड बोटाला जाणवत होती. मी श्वास धरला. हात हलवला नाही. मनात आलं, श्रीकांतला हा दाखवायला हवा, पण हाक मारली तर उडेल.

किती वेळ गेला कोण जाणे. दिवाळीपासून पहिल्यांदा मी घाबरायचं विसरले होते.

मग चिखलात पचक पचक असा आवाज यायला लागला. आधी मला कळलंच नाही. पाण्यावर उरलीसुरली पाखरं एकदम उडाली. मी मान वर केली तर श्रीकांत पळत येत होता. पळत! गळ्यातला कॅमेरा छातीवर आपटतोय, एक बूट चिखलात राहिलेला, चेहरा पांढराफटक.

"हात का नाही वर केलास?" तो लांबूनच ओरडला. "किती वेळ पाय वर धरून पडलोय मी! काय होतंय तुला?"

"अरे पळू नकोस! थांब!"

चतुर उडून गेला. श्रीकांत येऊन माझ्या पायाशी धपकन बसला. त्याला बोलता येत नव्हतं. त्याने माझं मनगट पकडून नाडी बघायला सुरुवात केली. मी त्याचं मनगट पकडलं. दोन्ही इतक्या जोरात चालल्या होत्या की मला काही म्हणजे काही मोजता येईना.

"चतुर बसला होता रे बोटावर," मी म्हटलं.

त्याने आधी धाप आवरली. मग म्हणाला, "कोणता?"

"लाल."

"बरं," तो म्हणाला, आणि माझं मनगट काही त्याने सोडलं नाही.

रुबीना गोळी घेऊन पळत आली होती. ती आमच्यासमोर उभी राहून एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "अल्ला, आता ही देऊ कुणाला?"

निकमसर तिच्या मागून येताना दिसले. सगळी पाणथळ रिकामी केली होती आम्ही. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. पण ते थोड्या अंतरावर थांबले, मग गुडघे टेकून चिखलात खाली बसले. शटरचा आवाज मला ऐकू आला, पण डोक्यावर बाभळीत सुगरण पक्षी होते, मला वाटलं त्यांचाच काढत असतील.

संध्याकाळी ग्रुपवर सरांचा फोटो आला. बाभळीखाली घडीच्या खुर्चीत एक म्हातारी, तिच्या पायाशी चिखलाने माखलेला, एक बूट नसलेला म्हातारा, आणि दोघांनी एकमेकांची मनगटं धरलेली. फोटो त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढलेला होता.

खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. योगेश बहुतेक बाळाच्या फोटोपासून याच क्षणाची वाट बघत असणार. त्याने ताबडतोब लिहिलं, "नाव. ठिकाण."

सर बराच वेळ टाइप करत होते. मग मेसेज आला.

"नाव सर्वांना माहीत आहे. ठिकाण नांदूरमधमेश्वर, बाभळीखाली. दोघेही जिवंत."