वच्छलाताईंच्या नावाने

अमरावतीच्या राजापेठेतल्या त्या कापड दुकानाचं शटर वर जाण्याआधी तिथे कामाला असलेल्या वच्छलाताई पायरीवर बसत, पदराने मोबाईलची काच पुसत आणि एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावत. रोज एकच. समोरच्या टपरीवरून आलेला चहा फोन संपेपर्यंत निवून जाई. पहिलं वाक्य ठरलेलं असे, "मी वच्छला. चहा झाला काय?"

दुकानाचं नाव त्या काढत नसत. कोणाच्या सुनेचं बाळंतपण, कोणाच्या घराचा स्लॅब, असं बोलता बोलता पलीकडचीच म्हणे, "नवीन माल आला काय वो?" मग ताई म्हणत, "आला असन. या न पाहाले." लग्नाचा बस्ता बांधायला परतवाड्याहून आलेल्या बायाही दारातूनच विचारत, "वच्छलाताई हायेत काय?" ताईंच्या घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं. कोणाला पान लागतं, तसा त्यांना हा प्रश्न दिवसातून दोन-तीनदा लागे.

मग दामिनी आली. दुकानाचे मालक चंद्रभानशेठ, त्यांची धाकटी सून. माहेर अकोल्याचं, शिक्षण कॉम्प्युटरचं. शेठची अकोल्यातही शाखा होती. दोन्हीकडची बिलं वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर बनत. ब्लाऊज मात्र दोन्हीकडचे अमरावतीच्या दुकानाच्या माडीवर शिवले जात, आणि त्यांची नोंद तिथले शिंपी संघपाल मास्तर यांच्या मोबाईलमध्ये राही. तिघांना एकमेकांचा पत्ता नसे. दामिनीने ते तिन्ही जोडले. कोणी काय घेतलं, काय शिवायला टाकलं, काय न्यायचं राहिलं, हे एकाच पडद्यावर दिसू लागलं. ज्याचं काही राहिलं, त्याला आपोआप मेसेज जाई. उत्तर आलं, तर त्यातलं घरचं लक्षात ठेवून पुढचा; नाही आलं, तर काही दिवसांनी दुसरा.

"ताई, तुमी फोनवर कशा बोलता, सांगा न मले," एका दुपारी तिने विचारलं होतं.

ताई खुलल्या. आधी घरचं विचारायचं, घाई लावायची नाही, दुकानाचा विषय समोरच्याच्या तोंडून येऊ द्यायचा. दामिनी टाइप करत गेली. शेवटी म्हणाली, "मेसेज तुमच्याच नावानं पाठवू काय? लोक तुमालेच ओळखतात."

"पाठव न," ताई म्हणाल्या. त्या दुपारी ती पोरगी त्यांना फार आवडली होती.

पंधरवड्यात बाया येऊ लागल्या. "काय गोड मेसेज टाकला वो ताई! सासूबाईच्या पायाचंही इचारलं." ताई हसत. कोणती सासू आणि कुठला पाय, त्यांना ठाऊक नसे. एखादीचा मोबाईल हातात घेऊन त्या तो मेसेज सावकाश वाचत, खोट शोधत. शब्द त्यांचेच होते. पण त्या दुसऱ्या वच्छलेचा घसा बसत नव्हता, तिला कोणाचा विसर पडत नव्हता, आणि ताईंनी कधी तोंडही न पाहिलेल्या अकोल्याच्या बायांशी ती मायेने बोलत होती.

दामिनी कॉम्प्युटर लावायला बसली की ताई विचारत, "उठली काय माही सवत?" दामिनीला ती गंमत वाटे.

सकाळचे फोन आखूड झाले. "अवो, कालच तर सारं सांगतलं तुमाले मेसेजमधी," पलीकडची म्हणे. ताईंना आता चहा गरम प्यायला मिळू लागला.

एका दुपारी अकोल्याहून इंदूबाई नावाची एक बाई आली. दारातच विचारलं, "वच्छलाताई कोण हाये?" ताई पुढे झाल्या. बाईने त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. पोरीच्या, पौर्णिमाच्या लग्नाचा बस्ता अकोल्याच्या दुकानातून बांधला होता. आठवड्याभरात पौर्णिमाचे वडील, डोमाजी, गेले. लग्न घरातल्या घरात उरकलं. शालू घडीतच राहिला, ब्लाऊज आणायला कोणी गेलं नाही. अकोल्याच्या दुकानाला वाटलं अमरावतीने दिला असेल, माडीवर वाटलं अकोल्याला पोचला असेल.

"अन मंग तुमचा मेसेज आला," इंदूबाईंनी मोबाईल पुढे केला. "पौर्णिमाचा ब्लाऊज ठेवून आहे. घाई नाही. घरी सगळं बरं आहे न? वच्छला." मोबाईल छातीशी धरत त्या म्हणाल्या, "तेरवी झाल्यावर एका माणसानं इचारलं नाही बाई, बरं हाये का म्हणून. तुमीच टाकला न हा?"

दामिनी गल्ल्याजवळ उभी होती. ताईंनी एवढं म्हणणं पुरे होतं की हे मशीन पाठवते, मी नाही. चार महिने ताई याच घडीची वाट पाहत होत्या. एकदा हे बाहेर फुटलं, की बायांना पुन्हा त्यांच्याच आवाजाची किंमत कळणार होती.

"मीच," ताई म्हणाल्या.

दामिनीने मान खाली घातली आणि ब्लाऊज आणायला माडीवर गेली. ज्या कपाटात तो होता, त्याच कपाटावर ताई रोज आपला जेवणाचा डबा ठेवत.

संध्याकाळी गिऱ्हाईक पांगल्यावर ताई दामिनीच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. "इंदूबाईचं नाव काढ तुह्या त्या मशीनीतून."

"काहून? ब्लाऊज नेला त्याईनं. आता नाही जात मेसेज."

"दिवाळीले जाईन. संक्रांतीले जाईन. काढ. ते बाई माही हाये."

 दामिनी पडद्याकडेच पाहत म्हणाली, "तुमी मंघा 'मीच' म्हटलं न ताई, तवा लई राग आला मले."

"येऊ दे. मले तर चार महिन्यापासून येऊन राहिला."

दामिनीला हसू आलं, ताईंना आलं नाही. नाव पडद्यावरून जाईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. नंबर मात्र त्यांनी आधीच आपल्या मोबाईलमध्ये घेऊन ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी शटर बंद असताना त्या पायरीवर बसल्या. पदराने काच पुसली. टपरीवरून चहा आला, तो त्यांनी बाजूला ठेवला. अकोल्याला घंटी बराच वेळ वाजत राहिली. मग कोणीतरी उचललं आणि विचारलं, "कोण?" एका दुपारीच ऐकलेला आवाज, त्या बाईला कसा ओळखू येणार.

"इंदूबाई, मी वच्छला. चहा झाला काय?"