दादाची राहून गेलेली तपासणी

मंडळी, दादाला पनवेलच्या हॉस्पिटलात दाखवून आत्ताच खालापूरला परतले. मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

दादा माझा थोरला भाऊ, रसायनीला नोकरीला. काही वर्षांपूर्वी रक्तदान शिबिरानंतर त्याला हिपॅटायटिस बी असल्याचं कळलं. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, "त्रास नाही ना? मग औषध नको." नियमित रक्त तपासा, सोनोग्राफी करा, घरच्यांना लस द्या, यातलं काहीच सांगितलं नाही. दादा निर्धास्त झाला.

आज लिव्हरचा कॅन्सर निघाला. बराच पसरलाय. "हिपॅटायटिस बीमुळे हा कॅन्सर होऊ शकतो. दर सहा महिन्यांनी तपासणी व्हायला हवी होती," नवे डॉक्टर हळूच म्हणाले.

येताना गाडीत दादा म्हणाला, "मी इचारलं होतं गं त्यांना, परत कधी येऊ? ते बोलले, गरज नाय."

हा आजार घरच्यांनाही लागू शकतो, म्हणून वहिनीचं आणि मुलांचं रक्त तपासायला दिलंय. रिपोर्ट उद्या येईल.

तुमच्या घरी कुणाला हिपॅटायटिस बी आहे का? पुढची तपासणी कधी, ते डॉक्टरांनी सांगितलंय? "गरज नाही" म्हणाले असतील, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. दादाला ते सुचलं नाही. त्याने विश्वास ठेवला होता.