गाडी गप्प करताना

"आणि हे काय चिकटलंय याला? डांबर?"

सुनीतीने लाटणं जीपच्या उघड्या दारातून थेट नवऱ्याच्या नाकासमोर धरलं. मनोहर सीट काढलेल्या उघड्या पत्र्यावर गुडघे टेकून बसला होता. कोपरापर्यंत हात काळे झाले होते.

"डांबर नाही, ब्यूटाइल रबर," तो शांतपणे म्हणाला. "शीट चिकटवली की वरून दाबून रोलर फिरवावा लागतो. रोलर नव्हता."

"म्हणून माझं लाटणं? अहो, हे वरोऱ्याहून आणलेलं आहे. इथे मिळतात ती या बंगाल्यांच्या लुच्या-पुऱ्या लाटायची, काडीसारखी. त्यांनी पोळी होते का?"

"धुऊन देतो."

"द्या धुऊन. आणि मी नागपूरला येणार आहे हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"हं," म्हणत मनोहरने मान खाली घातली आणि पुढची शीट कापायला घेतली.

हे "हं" सुनीतीच्या डोक्यात जायचं. ती आणखी काही बोलणार, तेवढ्यात जिन्यावरून वैदेही, त्यांची सून, खाली आली.

"बाबा, माझा हेअर ड्रायर?"

मनोहर कापत राहिला.

"बाबा! ड्रायर!"

"अगं, हा काय. शीट गरम केल्याशिवाय कोपऱ्यात बसत नाही. फार कामाचं यंत्र आहे तुझं."

वैदेहीने ड्रायर हुंगला आणि सासूकडे पाहिलं. "आई, आज ऑफिसात माझ्या केसांना टायरच्या दुकानासारखा वास येणार."

"जा. निदान कोणी जवळ येऊन काम तरी सांगणार नाही," सुनीती म्हणाली.

मनोहरचा सारा जन्म कोळशाच्या खाणींत गेला. वरोऱ्याचा हा मुलगा खाणीची परीक्षा पास होऊन बंगालात आला, तो इकडचाच झाला. नोकरीची शेवटची काही वर्षं कोलकात्याच्या ऑफिसात काढून तो निवृत्त झाला, आणि मुलाला, अजेयला, न्यू टाउनमध्ये नोकरी असल्यामुळे सगळे सॉल्ट लेकच्या या घरात राहिले. कंपनीने जुन्या गाड्या लिलावात काढल्या तेव्हा इतरांनी नाकं मुरडली. मनोहरने ही पत्र्याच्या टपाची डिझेल जीप घरी आणली. खाणीच्या रस्त्यांवर वीस वर्षं याच गाडीने आपल्याला नेलं-आणलं, तिला भंगारात कसं जाऊ द्यायचं, एवढंच त्याचं म्हणणं.

पण ती गाडी चालू झाली की गल्लीतल्या खिडक्या हादरायच्या. समोरचे हेमंतबाबू गॅलरीतून हसत ओरडायचे, "बर्गी आले, बर्गी आले!" आणि खिडकी लावून घ्यायचे. पूर्वी बंगालवर चालून आलेल्या मराठा स्वारांना इथे बर्गी म्हणत, त्यामुळे मराठी माणसाला हा टोमणा अधूनमधून मिळायचाच. मनोहरला तो कौतुकासारखा वाटायचा. आत बसणाऱ्याचे हाल वेगळे. बिष्णुपूरहून परत येताना सुनीती सगळा वेळ ओरडून बोलली आणि घरी पोचल्यावर तिचा घसा बसला. "या डब्यात मी पुन्हा बसणार नाही," असं तिने बसल्या घशाने जाहीर केलं.

ते मात्र मनोहरला बरोबर कळलं. नागपूरला भाऊ प्रभाकरने वरचा मजला रिकामा ठेवला होता. थंडी सुरू झाली की कायमचं तिकडे जायचं आणि जीप रस्त्याने न्यायची, असं त्याने ठरवलं होतं. एवढा लांबचा प्रवास, तर सुनीतीला सुखाने बसता यायला हवं.

पहिल्यांदा त्याने घरातल्या दोन जुन्या गोधड्या गालिच्याखाली अंथरल्या. कोलकात्याच्या दमट हवेत त्या आठवड्याभरात कुजल्या आणि गाडीला ओल्या म्हशीसारखा वास सुटला. मग त्याने रीतसर अभ्यास केला. दारांची आतली आवरणं उतरवली, जमिनीवर आणि इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यावर जड शीट चिकटवली, तिच्यावर फोम, दारांच्या कडांना नवीन रबर, वायरींच्या भोकांना बूच. प्रत्येक तुकडा बसवला की तो बोटांच्या सांध्यांनी ठोकून बघायचा. आधी "टण" वाजणारा पत्रा आता "ठप" म्हणायला हवा.

हे ठोकणं खाणीतलं. खाणीत छताला काठी ठोकून बघतात. घट्ट छत खणखणीत वाजतं, सुटलेलं पोकळ वाजतं. मनोहरच्या कानाची तिथे ख्याती होती. एकदा त्याने एका ठोक्यावर पाळीवरचे सगळे कामगार बाहेर काढले होते, आणि माणसं डबे उघडून बसतात न बसतात तोच आतलं छत खाली आलं. अजूनही त्यांतली काही माणसं दिवाळीला फोन करतात. सुनीती ही गोष्ट पाहुण्यांना सांगायची तेव्हा तो उठून पाणी प्यायला जायचा.

आणि हाच माणूस घरात मात्र काही ऐकत नाही, हे तिचं दुःख होतं. तो पाळीवर असताना ती कोलियरीच्या, म्हणजे खाणीच्या, कॉलन्यांत एकटीने दिवस काढत आली. नवरा रिटायर झाला की बोलू, म्हणून किती गोष्टी तिने साठवून ठेवल्या होत्या. आता तो समोर बसायचा आणि "हं" म्हणायचा. मला नागपूर नको, इथेच राहू या, हे तिने त्याला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा "हं, तसंच करू" म्हणाला आणि पुढच्याच आठवड्यात प्रभाकरशी रंग कोणता लावायचा यावर बोलत बसला. तेव्हापासून तिने सरळ सांगणं सोडलं आणि टोमण्यांवर भागवायला लागली. सॉल्ट लेकमध्ये पहिल्यांदाच तिला बदलीची धास्ती नव्हती. ती दोन दिवस दिसली नाही तर भाजीवाला विचारायचा, शेजारच्या अनुराधादी तिला बांगला वाचायला शिकवत होत्या. हे सोडून जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

रविवारी सकाळी गाडी तयार झाली. "बस," मनोहर म्हणाला. "बागबाजारच्या घाटापर्यंत जाऊन येऊ. पसंत पडली नाही तर उतर."

ती बसली. दार "ठप" करून लागलं आणि बाहेरची गल्ली एकदम दूर गेल्यासारखी झाली. हेमंतबाबू गॅलरीत पेपर वाचत होते, त्यांनी मान वरही केली नाही. उल्टाडांगा येईपर्यंत सुनीती दारावर, पत्र्यावर हात फिरवून बघत होती. इतकी चांगली झाली असेल असं तिला वाटलंच नव्हतं. या माणसाने आपल्यासाठी महिनाभर गुडघे टेकून काम केलं, या विचाराने तिला गलबलून आलं. मग तिने नेहमीच्या आवाजात बोलायला सुरुवात केली.

"छान केलीत हो गाडी."

"हं."

"पण नागपूरचं माझ्या मनात नाही."

"हं. बघू."

तिचा चेहरा तापला. "मी घाटावर पोचल्यावर गंगेत उडी मारणार आहे."

"हं," मनोहर रस्त्याकडे बघत म्हणाला. "पुढच्या आठवड्यात जाऊ."

आता भांडणच करायचं, असं ठरवून ती वळली, आणि तेवढ्यात तिचं लक्ष एका टिकटिकीकडे गेलं. इंडिकेटर गल्लीतून वळल्यापासून चालूच होता. मागचे हॉर्न वाजवत होते. घाटाजवळ त्याने गाडी कडेला घेतली तरी टिकटिक चालूच.

"अहो, ती टिकटिक बंद करा आधी!" ती मोठ्याने म्हणाली.

"कसली टिकटिक?"

"इंडिकेटरची."

मनोहरने खाली बघितलं. हिरवा बाण उघडमीट करत होता. त्याने तो बंद केला, पुन्हा लावला, आणि स्टिअरिंगवर वाकून कान जवळ नेला.

"हे तुला ऐकू येतंय?"

"गाडीभर ऐकू येतंय."

त्याने दुसरा कान जवळ नेला. बाण चमकत होता. मग त्याने बटण खाली केलं आणि सरळ बसला.

"मला वाटलं होतं, या गाडीचा आवाज कानात बसलाय. ती गप्प झाली की सगळं ऐकू येईल."

सुनीतीच्या ओठांवर आलेलं भांडण तिथेच थांबलं. तिच्या लक्षात आलं, तो तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हता, ओठांकडे बघत होता.

"मग हं हं कशाला म्हणत होतात?" ती ओरडलीच, पण वेगळ्या कारणाने.

"तू बोलताना कुठे हं म्हणायचं ते कळतं मला. इतक्या वर्षांनी एवढं कळतं." तो ओशाळून हसला. "रागावलीस की भुवई वर जाते. तेव्हा बघू म्हणायचं."

"अहो, दोनदा सांगितलं तुम्हाला, मला नागपूरला जायचं नाही!"

"जायचं नाही?" त्याचा चेहरा खरोखर भांबावला. "अगं, तूच तर आयुष्यभर म्हणायचीस, एकदा रिटायर झालो की नागपूर."

"म्हणायचे, कोलियरीत असताना. तिथून कुठेही गेले असते मी."

"प्रभाकर वाट बघतोय."

"मला ठाऊक आहे."

"आणि ही गाडी मी तुझ्यासाठी..."

"तेही ठाऊक आहे."

ती थांबली. मग हळू, पण प्रत्येक शब्द तोंड उघडून म्हणाली, "कान दाखवू या."

"यंत्र लावून फिरू मी? ज्याच्या कानावर अख्खी पाळी..." घाटावर लोक अंघोळी करून ओल्या कपड्यांनी वर येत होते, ते दोघं काचेतून बघत बसले. परत येताना त्याने प्रत्येक वळणानंतर बाणाकडे नजर टाकली, आणि जिथे विसरला तिथे तिने नुसता त्याच्या हाताला हात लावला.

दुपारी सगळे जेवायला बसले. अजेय भात कालवत म्हणाला, "बाबा, पॅकर्सवाला विचारतोय. डिसेंबरची तारीख सांगू?"

सुनीती वरणाचा डाव हातात धरून थांबली. आता "हं" येणार.

"काय म्हणालास?" मनोहर म्हणाला. "ऐकू आलं नाही. पुन्हा सांग."

अजेयने वैदेहीकडे पाहिलं. मग आवाज चढवून त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

मनोहरने पाण्याचा घोट घेतला.

"पॅकर्सला नाही सांग. आम्ही नागपूरला जात नाही, इथेच राहणार. प्रभाकरला मी संध्याकाळी कळवतो. आणि उद्या सकाळी मी कान तपासायला चाललोय. यंत्र लावा म्हणाले तर लावणार."