दांड्यावरून काढलेला हात

घरासाठी एस्प्रेसोचं मशीन बघायला मी दुकानात गेले होते. काउंटरवर माझ्या शेजारी पन्नाशीतलं एक जोडपं उभं होतं. विक्रेता प्रेशर, वाफ, वॉरंटी असं सगळं फक्त नवऱ्याकडे बघून सांगत होता. बाईंनी हळूच हात पुढे करून मशीनचा दांडा धरला. तो किती जड आहे, कसा फिरतो, एवढंच त्यांना बघायचं होतं. नवऱ्याने बोलता बोलता त्यांचं मनगट धरून हात बाजूला केला.

"राहू दे गं. मोडशील काहीतरी."

त्यांनी तो हात मागे घेऊन पर्सचा पट्टा घट्ट धरला. माझी कानशिलं तापली. नवऱ्याचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता, याचाच मला जास्त संताप आला. चिडून हात झटकला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. त्याने तर समोरची माशी उडवावी तसा, सवयीने तो बाजूला केला होता. अशी सवय एका दिवसात लागत नाही. किती वर्षं, कशाकशावरून तो हात असाच उचलला गेला असेल, आणि मुकाट्याने मागे आला असेल!

मशीन ठरलं, नवऱ्याच्या पसंतीचं. तो बिल करायला गेल्यावर मला राहवलं नाही.

"घरी हे वापरणार कोण?" मी बाईंना विचारलं.

"मीच की!" त्या हसून म्हणाल्या. "ह्यांना उठल्याउठल्या हातात कॉफी लागते."

त्यांच्या हसण्याचाही मला राग आला. काहीही न घेता मी दुकानाबाहेर पडले.