चौथ्या शीलाला बाबा गप्प झाले

माझ्या बापाने टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या बदनामीला.

बदलापूरला एका नव्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये कार्यक्रम होता. समोर मोठा पडदा. पडद्यावर बाबांचा फोटो. चटईवर उताणे झोपलेले, तोंड अर्धं उघडं, बनियन पोटावरून वर सरकलेलं. स्टेजवर आमचा वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या ताई माईक घेऊन इंग्रजीत बोलत होत्या. सांगत होत्या की या मुलीचा बाप दारुडा आहे, कमाई गुत्त्यावर उडवतो, बायकोला मारतो, आणि असल्या घरातून ही मुलगी रोज आपल्या वर्गात येते. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मग टाळ्या सुरू झाल्या.

बाबा शेवटच्या रांगेत होते, पालकांसाठी मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना कळत नाही. त्यांना एवढंच दिसलं की आपला फोटो भिंतीएवढा झालाय आणि मोठी मोठी माणसं टाळ्या वाजवतायत. त्यांनीही वाजवल्या. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन. शेजारच्या माणसाला कोपराने ढोसून, पडद्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. हा मी, असंच असणार.

मी स्टेजवर उभी होते. हातात फुलांचा गुच्छ. मला शब्दन् शब्द कळत होता.

बाबांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. माझे आजोबा दारूने गेले, बाबा तेव्हा चौथीत होते. विहारात बाबांनी पहिल्यांदा पंचशील म्हटलं ते त्याच वर्षी, आजीच्या पदराला धरून. तेव्हापासून दर रविवारी सकाळी बुवापाड्यातल्या आमच्या विहारात ते जातात. पांढरा शर्ट घालून, मलाही सोबत घेऊन. पाच शीलं असतात. चौथं खोटं न बोलण्याचं, पाचवं दारू न पिण्याचं. पाचवं आलं की बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. 'सुरामेरय' म्हणताना तर इतका की बायका हसायच्या. मलाही लहानपणी लाज वाटायची. आजोबांना ऐकू जावं म्हणून ते ओरडतात, असं आई एकदा म्हणाली होती.

आणि त्या माणसाला मी दारुडा केलं. ताईंनी लिहिलं हे खरं, पण मान मी हलवली. तेच सांगायला बसलेय.

तो फुकटचा वर्ग आमच्या गल्लीच्या तोंडाशी, समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर सुरू झाला. चित्रकला, फोटो, ॲनिमेशन, कॉम्प्युटर. वस्तीतल्या मुलांसाठी. मी अकरावीत होते. घरात पाऊल ठेवायलाही जागा नसायची, कारण आई जीन्सचे धागे कापायची. उल्हासनगरच्या कारखान्यातून पँटचे गठ्ठे यायचे, शिलाईला लोंबणारे धागे छोट्या कात्रीने कापून परत द्यायचे. दाराशी निळ्या-पांढऱ्या धाग्यांचा ढीग पडलेला असायचा. त्या धाग्यांचीच मी फिल्म केली. धागा जरासा हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा जरासा हलवायचा. सगळे फोटो पळवले की धागा चालायला लागतो. पहिल्यांदा माझा धागा उठून चालला ना, तेव्हा मी वर्गातला टॅबलेट छातीशी धरून रडले होते. वेडीच होते. धाग्यांची एक बाई होते, ती बसते, कात्री धरते, आणि कापता कापता तिचेच हात सुटत जातात. एका मिनिटाची फिल्म. टॅबलेट हलू नये म्हणून बाबांनी लोखंडी तारेचा आणि फळीच्या तुकड्याचा स्टँड बनवून दिला. ते उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात त्याच जीन्सच्या लाईनमध्ये प्रेसवर होते, इस्त्री मारायला. शेठकडून तार मागून आणली होती. तो स्टँड वर्गात सगळ्यांनी वापरला.

हे मी मुद्दाम सांगतेय. तिथे काही शिकवलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. शिकवलं, मनापासून शिकवलं. म्हणून तर जास्त लागलं.

एकदा घरचं काम दिलं, 'माझं घर' या विषयावर पाच फोटो. मी आईच्या बोटांचा काढला, मोरीचा काढला, स्टँडचा काढला. आणि रात्रपाळी करून आलेले बाबा दुपारी चटईवर झोपले होते, त्यांचा काढला. दारातून ऊन आत येत होतं, ते त्यांच्या पायापर्यंत पोचलं होतं. तळव्यांवर निळा रंग चढलेला. मला तो पाचांत सगळ्यात आवडला. दमलेला माणूस कसा झोपतो, ते त्यात दिसत होतं. निदान मला दिसत होतं.

मग दुसऱ्या टप्प्याची घोषणा झाली. तीसजणांतून सहाजण घेणार, वर्षभर मोठ्या स्टुडिओत शिकवणार, टॅबलेट घरी देणार. माझ्या डोक्यात दुसरं काही उरलंच नाही. ताईंनी एकेकाला ऑफिसात बोलावून फॉर्म भरून घेतले. माझी पाळी आली. फिल्मबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. घरात काय अडचणी आहेत, असं विचारलं. मी म्हटलं, जागा लहान आहे. त्यांनी लिहिलं नाही. मी म्हटलं, पाणी एक दिवसाआड येतं. तेही लिहिलं नाही. वडील मारतात का? नाही. पितात का? नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज अगदी मायेचा. त्या वाईट नव्हत्या, हे मला आजही म्हणावं लागतं.

"अगं, सगळ्यांच्याच घरी पाणी नाही येत. तुझी गोष्ट जरा स्ट्राँग पाहिजे ना. कधीतरी घेत असतील की. सणासुदीला?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. मग मान हलवली. हो म्हटलं नाही, मान हलवली. जणू तोंडाने बोललं नाही की खोटं होत नाही.

ताईंनी भराभर लिहून घेतलं, मी मान हलवली त्यापेक्षा बरंच जास्त. मी सही केली. खाली उतरताना मी स्वतःला समजावलं की इंग्रजीतला कागद आहे, फाइलीत पडून राहील, कोणाला कळतंय. बाबा कशाला वाचायला जातायत? बाबांना इंग्रजी येत नाही याचा मी पहिल्यांदा फायदा घेतला.

सहाजणांत माझं नाव लागलं, देणगीदारांपुढे सत्कार ठरला. म्हणून त्या दिवशी स्टेजवर मी गुच्छ धरून उभी राहिले आणि गप्प राहिले. शिकवलेली दोन वाक्यं बोलले. थँक्यू म्हटलं. माझी फिल्म त्यांनी दाखवलीच नाही, वेळ कमी होता म्हणे. बाबांचा फोटो मात्र पडद्यावर बराच वेळ होता. खाली माझं नुसतं नाव लिहिलेलं. ना वडिलांचं, ना आडनाव.

नंतर चहा होता. पाहुण्यांसाठी टेबलावर, आमच्यासाठी बाहेर कागदी कपात. बाबा कप घेऊन माझ्याजवळ आले, नुसते हसत होते. फोटो केवढा मोठा झाला, म्हणाले. तेवढ्यात पाहुण्यांपैकी एक साहेब आमच्याकडे आले. वयस्कर, केस पिकलेले. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अब छोड़ दो भाई. बेटी का तो सोचो."

बाबांना वाटलं नोकरीबद्दल बोलतायत. "क्या छोड़ना है साहब?"

"दारू."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं आणि तिथेच त्यांना सगळं कळलं. पडदा, फोटो, टाळ्या, माझा गुच्छ, सगळं. मला वाटलं आता ओरडतील. गल्लीत कोणी त्यांना चेष्टेत जरी बेवडा म्हटलं असतं तरी त्यांनी कॉलर धरली असती. पण साहेबांच्या मागे ताई उभ्या होत्या, आणि त्यांच्या हातात सहा नावांची यादी होती. बाबांनी यादीकडे पाहिलं. कप खाली ठेवला. हात जोडले.

"छोड़ देंगे साहब. आज से बंद."

मी म्हटलं, "माझे बाबा पीत नाहीत. मी खोटं सांगितलंय." मोठ्याने म्हटलं. ताईंनी माझं कोपर धरलं आणि नंतर बोलू म्हणाल्या. साहेब माझ्याकडे बघून इतकं मायेने हसले की मला अजून ते हसू आठवतं. "शरमाने की बात नहीं बेटा. हर घर में होता है."

आमच्या प्रत्येक घरात, असं म्हणायचं होतं त्यांना. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं. तेव्हा बाबाच म्हणाले, "पोरगी लाजती साहेब."

मी खरं बोलले आणि कोणालाही पटलं नाही. खोटं आधीपासून त्यांच्या डोक्यात तयार होतं. माझी नुसती मान हवी होती.

रिक्षाने परत येताना बाबा बाहेर बघत बसले. शिवमंदिराच्या फाट्यापाशी एवढंच म्हणाले, "जाऊ दे. एक शब्द तर बोललो. यादीत नाव आहे ना तुझं?" मी हो म्हटलं. "मग झालं." आणि थोड्या वेळाने, "फोटो चांगला काढलास पण."

घरी आल्यावर आईला मीच सांगितलं. शेजारच्या मावशी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. फुकट शिकवतात, दोन शब्द इकडचे तिकडे. पण गाईचे दात आम्ही कुठे मोजले होते? गायच आमचे दात मोजत होती, किती किडलेत ते. आई कात्री चालवत राहिली. मावशी गेल्यावर म्हणाली, "विचारणारी ती होती. मान तुझी होती."

रविवारी विहारात गेलो. बाबा पांढऱ्या शर्टात, नेहमीच्या जागी. मी त्यांच्या मागे. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. चौथ्याला बाबा गप्प झाले. ओठसुद्धा हलले नाहीत. सगळं विहार म्हणत होतं, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन, आणि माझा बाप मान खाली घालून उभा होता. तो खोटं बोलला होता ना. माझ्यासाठी, हात जोडून. पाचवं आलं तेव्हा त्यांनी म्हटलं, पण आवाज चढला नाही. कोणी हसलं नाही. मला तिथे उभं राहवेना. मी बाहेर येऊन चपलांच्या ढिगापाशी बसले आणि खूप रडले.

माझा वर्गातला टॅबलेट कार्यक्रमानंतर घरी दिला होता, सोमवारी तो पिशवीत घालून मी ऑफिसात गेले. टेबलावर ठेवला. त्यात माझी धाग्यांची फिल्म होती, तीही गेली. म्हटलं, मला जागा नको, फॉर्म फाडा आणि बाबांचा फोटो काढून टाका. ताईंना खरंच वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, स्वतःचंच नुकसान करतेयस, एवढं सगळं फुकट मिळत असताना.

"फुकट नव्हतं, ताई."

एवढंच बोलता आलं. खूप काही बोलायचं ठरवून गेले होते.

बाबा चिडले ते त्या दिवशी. क्लबहाऊसमध्ये चिडले नाहीत, घरी चिडले. "मग मी तिथं कशाला बोललो?" म्हणाले. आठ दिवस त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. बरोबरच होतं त्यांचं. त्यांनी माझ्यासाठी जे गमावलं, ते मी टेबलावर ठेवून आले होते.

या गोष्टीला चार वर्षं झाली. मी विठ्ठलवाडीला एका दुकानात लग्नाच्या फिल्म कापते, जोडते. तो स्टँड माझ्याकडेच आहे. आणि तो फोटो अजून संस्थेने टाकलेल्या त्या कार्यक्रमाच्या व्हिडिओत आहे, इंटरनेटवर, दारुड्या बापाचा म्हणून. दोनदा ऑफिस बदललं, ताईही बदलल्या. नव्या ताई म्हणतात, वरून परवानगी लागते. बघतो, म्हणतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी दुकानातून दोन तासांची सुट्टी घेते, अर्ज देते आणि शिक्का मारलेली पोच घेऊन येते. आता मला पाहिलं की शिपाईच शिक्का काढून ठेवतो. मध्यंतरी त्यांनी सुचवलं की नवीन मुलांपुढे येऊन माझा संघर्ष सांगा, प्रेरणा मिळेल. मी म्हटलं, येते, पण हीच गोष्ट सांगेन. त्यानंतर बोलावणं आलं नाही. गल्लीतली जी पोरं तिथे जातात, त्यांना मी जाऊ नका म्हणत नाही. जा, शिका, सगळं शिकून घ्या. फॉर्म भरायच्या आधी मात्र माझ्याकडे या, म्हणते. येतात. आम्ही ओळ न् ओळ वाचतो. जे खरं नाही तिथे रेघ मारतो.

बाबा रविवारी विहारात जातात. चौथं शील अजून म्हणत नाहीत. मीही म्हणत नाही. तो फोटो उतरेपर्यंत आम्हा दोघांना ते म्हणायचा हक्क नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय. त्यांनी काय ठरवलंय, मी विचारलेलं नाही.

उद्या पहिला सोमवार. अर्ज लिहून ठेवलाय. मराठीत, स्वच्छ अक्षरात, बाबांना वाचता येईल असा. खाली पूर्ण सही केलीय. आधी माझं नाव, मग त्यांचं, मग आडनाव. ते नाव मधून गाळलेला कुठलाही कागद आता माझ्या हातून जाणार नाही.