बत्तीस रंगांतले चेहरे

महांतेशने हलवलेली पहिली गोष्ट म्हणजे समई. इंटरनेटच्या पानावरची, पाच वातींची.

त्याआधी तो लग्नपत्रिका करायचा. वडील धर्मापुरीत किराणा दुकान चालवतात. महांतेश बी.एस्सी.ला अडकला, पुण्यात मावसभावाकडे राहून कॉम्प्युटर शिकला आणि अंबाजोगाईत बसस्टँडच्या मागे गाळा घेऊन बसला. एका मशीनवर पत्रिका, दुसऱ्यावर इंटरनेट. मी मराठी घेऊन एम.ए. झालो होतो आणि नोकरी शोधत होतो. म्हणजे दिवसभर त्याच्याच गाळ्यात होतो. पत्रिकांचा मजकूर मी तपासायचो. तो मला साहित्यिक म्हणायचा.

समईसाठी त्याने चार चित्रं काढली. प्रत्येकात ज्योत जराशी कलती. ती एकामागे एक लावली, एक फाईल केली, आणि ज्योत फडफडायला लागली. मोंढ्याच्या बाजारातली माणसं बघायला आली.

"हे कशात केलंस बे?" मी विचारलं.

"जिफमदी. जेपेग हालत न्हाई. जेपेग म्हंजे फोटो. रंग लाखानं, पण बसतंय दगडावानी. जिफ हालतंय, पण त्याला रंग मोजून मिळतेत."

"मग रंग कमी पडत नाहीत?"

"समईला किती लागतेत? पिवळा, तांबडा, काळा. चित्राला जिफ, माणसाला जेपेग. लिहून ठेव, साहित्यिक."

हे त्यानेच सांगितलं होतं. म्हणून पुढचं मला अजून नीट समजत नाही.

समई बघायला बसलिंग अप्पाही आले. ते लिंगायत समाजाच्या वधू-वर मंडळाचे अध्यक्ष. तोवर स्थळांचे फोटो पाकिटातून पाहुण्यांकडून पाहुण्यांकडे फिरायचे. आता समाजातली पोरं पुण्याला, बेंगळूरला कॉम्प्युटरवर नोकरी करत होती. त्यांना तिथंच फोटो दिसावेत, असं अप्पांच्या मनात होतं.

"पोरींचे फोटो बी असेच हालू दे," अप्पा म्हणाले. "एक गेली की दुसरी."

"अप्पा, फोटो जेपेगमदीच चांगले दिसतेत. जागेवर ऱ्हातेत, पण चांगले."

"जागेवर ऱ्हायला आमच्याकडं पाकिटं हायेत की रे."

सगळे हसले. महांतेशही हसला. आणि कामाला लागला.

फोटो स्कॅन केले. एकाच चौकटीत एकामागून एक चेहरे येतील अशी जिफ बांधली. ती इतकी जड झाली की आमच्या फोनलाइनवर उघडेना. मग त्याने रंग कमी केले. दोनशे छप्पन्नचे एकशे अठ्ठावीस, मग चौसष्ट, शेवटी बत्तीस. प्रत्येक फोटोला वेगळे रंग दिले तर वजन वाढतं, म्हणून पहिल्या फोटोतले रंग सगळ्यांना दिले. कमी रंगांत ठिपके पेरले तर चेहरा जरा भरल्यासारखा दिसतो. पण ते ठिपके देवीच्या व्रणांसारखे वाटत होते. त्याने ठिपके काढून टाकले. रंग सपाट झाले. फाईल हलकी झाली.

मंडळाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेहरे येत होते, जात होते. खालचा मजकूर मी लिहिला होता.

त्या चेहऱ्यांत वर्षाराणी होती. मोंढ्यात भांड्यांचं दुकान असलेल्या वैजिनाथ अप्पांची मुलगी. शाळेत शिकवायची. पान सुरू झाल्यावर तिच्याकडे एक स्थळ येता येता थांबलं. मग दुसरं. तिसऱ्यांचं तर पाहायला यायचं ठरलं होतं. त्यांचाही निरोप आला, मुलाला इतक्यात करायचं नाही.

आमच्याकडे नकाराचं कारण कुणी सांगत नाही. मुलाला शिकायचंय, घरात दुखवटा आहे, योग नाही. मुलीकडचेही खोदून विचारत नाहीत. विचारणं बरं दिसत नाही. त्यामुळे खरं कारण गावभर फिरतं आणि त्या एका घरी तेवढं पोहोचत नाही.

महांतेशपर्यंत ते पोहोचलं. उदगीरहून त्याची आत्या आली होती. गाळ्यात बसून भजी खात होती.

"ती वैजिनाथाची पोरगी, तिच्या तोंडाला कोड हाय म्हणं."

"कोण म्हणलं?"

"म्हणायला कशाला लागतंय? तुज्याच कॉम्प्युटरवर दिसतंय की. व्हटाच्या खाली, पांढरं."

महांतेशने पान उघडलं. आम्ही वाट पाहिली. वर्षाराणी आली. ओठाखाली, हनुवटीपर्यंत, चुना लावल्यासारखा पांढरट डाग होता. कडा स्पष्ट होत्या. मग ती गेली आणि दुसरी आली.

त्याने मूळ फोटो काढला. स्टुडिओतल्या दिव्याचा उजेड हनुवटीवर पडला होता, एवढंच. गव्हाळ रंग हळूहळू उजळत गेला होता. बत्तीस रंगांत हळूहळू काही नसतं. तिथला रंग सापडला नाही, तेव्हा फाईलने जवळचा घेतला. तो पहिल्या मुलीच्या पांढऱ्या ओढणीचा होता.

"मला दिसलंच न्हाई बे," तो म्हणाला. "पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो."

मी म्हणालो, कुणालाच दिसलं नसतं.

त्याने जेवण कमी केलं. पत्रिकांची कामं परत पाठवू लागला. मी म्हटलं, वैजिनाथ अप्पांना जाऊन सांग. तो म्हणाला, "काय सांगू? तुमच्या पोरीला कोड हाय असं लोक म्हणतेत, हे मी त्यांच्या घरात जाऊन बोलू?"

मग समाजाचा वधू-वर मेळावा आला. महांतेशने आख्खा कॉम्प्युटर रिक्षात घालून मंगल कार्यालयात नेला. स्टेजवर मांडला. आपलाच एक फोटो दोनदा लावला. एक जेपेग, एक बत्तीस रंगांची जिफ. जिफमध्ये त्याच्या कपाळावर, गालावर पांढरे डाग होते. त्याने माइक घेतला. कुणाचंही नाव घेतलं नाही.

"हे न हालणारं जेपेग, हे हालणारं जिफ. दोन्ही मीच हाय. माझ्या तोंडाला काई झालेलं न्हाई. हा डाग फाईलीचा हाय. चूक माझी हाय. फोटो बघून कुणाबद्दल काई ठरवू नका."

लोक पुढे येऊन बघू लागले. एकदा पडद्याकडे, एकदा महांतेशकडे. क्षणभर मला वाटलं, झालं काम.

मागून एक म्हातारा बोलला. "म्हंजे नसलेला डाग दाखवता येतोय. मग असलेला झाकता बी येत असंल की!"

हशा पिकला. दुसरा म्हणाला, "तरीच म्हणलं, सगळ्या पोरी एवढ्या गोऱ्या कावून!" बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. नाव घेतलं नव्हतं, पण सगळ्यांच्या माना वैजिनाथ अप्पा बसले होते तिकडे वळल्या. ते उठले आणि चपला शोधायला लागले.

त्यानंतर वर्षाराणी गाळ्यात आली. सोबत आई, महादेवीकाकू. महांतेश उठून उभा राहिला.

"मला बघायचाय तो फोटो," ती म्हणाली. "पळता नको. थांबवून."

त्याने तेवढंच चित्र उघडून मोठं केलं. ती खुर्चीत बसून बघत राहिली. काकूंनी पदराचं टोक काचेवर, त्या डागावर फिरवलं. मग हात मागे घेतला.

"महांतेशदादा, हे लावताना तुम्हाला दिसलं नव्हतं?"

मी तोंड उघडलं. तिकिटाएवढा फोटो, असं सांगणार होतो.

"दिसलं होतं," महांतेश म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"दिसलं होतं. म्हणलं, ल्हान हाय, पळून जातोय. बसलिंग अप्पांना सकाळी दाखवायचं होतं. तुज्यासाठी सगळ्यांचे रंग परत काढावे लागले असते. फाईल जड झाली असती."

"हं," ती म्हणाली. रागावली नाही. शाळेत चुकलेलं गणित बघावं तसं तिने पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"आणि मला खरंच कोड असतं, तर?"

त्याने माऊस हातात घेतला आणि परत ठेवला.

"तर तुम्ही मेळाव्यात काय बोलला असता?"

बाहेर परळीची गाडी लागल्याची आरोळी झाली.

"काढून टाकतो फोटो," तो शेवटी म्हणाला. "आत्ता काढतो."

"काढू नका. काढला तर म्हणतील, झाकला." ती उठली. "ते दुसरं काय म्हणत होता स्टेजवर? न हालणारं?"

"जेपेग."

"त्यात लावा. मोठा लावा."

"उघडायला लई वेळ लागंल."

"लागू द्या. ज्याला बघायचंय तो थांबेल."

काकू तिच्या मागे निघाल्या. दारात वळून त्यांनी पडद्याकडे एकदा बघितलं.

महांतेशने सगळे फोटो परत स्कॅन केले. सगळ्यांचे जेपेग केले. पानावर आता काही हलत नाही. बसलिंग अप्पा येऊन बसले. वर्षाराणीचा फोटो वरून खाली रेघेरेघेने उतरत होता. कपाळापाशी रेंगाळला.

"कावून अडकलं बे हे?"

"अडकलं न्हाई, अप्पा. येतंय."

अप्पांनी चहा संपवला आणि हनुवटी येण्याआधी उठून गेले. मंडळाने आता लातूरच्या एका मुलाला काम द्यायचं ठरवलं आहे. तो फोटो हलवून देतो म्हणे.

मी महांतेशला त्या दिवसाबद्दल विचारलेलं नाही. 'दिसलं होतं' हे तो मला आधी का बोलला नाही, हेही नाही. आम्ही पत्रिका तपासतो, चहा पितो. साहित्यिक म्हणणं त्याने सोडलं आहे.

वैजिनाथ अप्पांकडे अजून कुठून स्थळाचा निरोप नाही. महांतेश त्यांच्या गल्लीतून जात नाही. लांबून फिरून घरी जातो. पण आठवड्यातून एकदा मला पाठवतो, काही कळतंय का बघ म्हणून. कालही पाठवलं. वर्षाराणी ओट्यावर वह्या तपासत होती. काकूंनी चहा दिला. मी चहा प्यालो आणि काही न विचारता परत आलो.

महांतेश गाळ्याच्या दारातच उभा होता.